ऑफ-रोडिंग (बेळगाव सीमाभाग)

ऑफ-रोडिंग : डांबरी रस्ता सोडून चिखल, खडक, ओढे आणि चढ यांतून, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी चालवण्याचा छंद, तसेच त्यासाठी गाडीत केले जाणारे फेरफार. बेळगाव जिल्हा, त्याला लागून असलेले उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ व जोयडा हे तालुके आणि सीमेपलीकडचा चंदगड एवढाच टापू या नोंदीत धरला आहे. इथल्या बोलण्यात गाडीला ‘फोर बाय फोर’ आणि गाड्या एकत्र जमण्याला ‘मीट’ म्हणतात. ‘आडवाट’ हा मराठी शब्द चांगला आहे, पण तो वापरणारा माणूस गॅरेजात भेटत नाही.

जमीन : या भागातल्या ऑफ-रोडिंगचे सगळे गणित मातीवर बसलेले आहे. बेळगाव शहर दोन मातींच्या मधोमध आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा आणि तांबडी माती. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात तिथे दिवस दिवस पाऊस थांबत नाही. त्याच जिल्ह्यातल्या अथणीकडे मात्र तो जेमतेम पडतो. त्यामुळे एका बाजूला चांगली चालणारी गाडी दुसऱ्या बाजूला हमखास फसते.

जांभा कोरडा असताना चाकाला घट्ट धरून ठेवतो. ओला होऊन त्यावर शेवाळ धरले की चारही चाके एकदम सुटतात, आणि त्याच्या कडा धारदार असल्याने टायर चिरतो तो बहुतेक वेळा बाजूने. बाजूने चिरलेल्या टायरला पंक्चरवाला काही करू शकत नाही. काळ्या मातीची खोड वेगळी. ती चाकाला चिकटते, मडगार्डात भरते, थरावर थर चढवते आणि शेवटी चाक फिरायचेच थांबवते; मग काठीने किंवा खुरप्याने ती खरवडण्यात सकाळ जाते. तिथे चाक जरा वेगात फिरवून चिखल झाडून टाकावा लागतो. जांभ्यावर तोच वेग ठेवला तर गाडी दरीच्या बाजूला सरकते. खानापूरची चिकट माती मडकी आणि कौलांसाठी नावाजलेली आहे. तिथे कुंभारकामाची केंद्रीय संस्थाच आहे. मडक्याला जी माती उत्तम, तीच चाकाखाली सर्वात वाईट.

तिसरा प्रकार पाणंदीचा. दोन बांधांमधून शेताकडे जाणारी ही अरुंद वाट पावसाळ्यात अर्धी ओढा होते. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मध्ये उंच वरंबा. ट्रॅक्टरचे पोट उंच असल्याने तो निघून जातो. मागून येणाऱ्या जीपचा डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा दातेरी चाकांचा गोळा) वरंब्यावर टेकतो आणि चाके चाकोरीत नुसती फिरत राहतात. याला ‘पोट टेकले’ म्हणतात. नवखा चालक अशा वेळी आणखी अ‍ॅक्सिलरेटर देतो आणि चाकोरी आणखी खोल करून ठेवतो. सराईत माणूस मुळात चाकोरीत उतरतच नाही. एक चाक वरंब्यावर आणि एक बांधाच्या कडेला ठेवून जातो.

गाड्या : अमेरिकी लष्करासाठी १९४१ पासून मोठ्या संख्येने बनलेली विलीज जीप ही या सगळ्यांची आजी. १९४७ मध्ये महिंद्रने विलीजशी करार केला आणि जीप भारतात जुळवली जाऊ लागली. पुढे प्यूजोच्या डिझेल इंजिनाची ‘एमएम ५४०’ आली. सीमाभागातल्या जुन्या चालकांचे हात याच गाडीवर बसले. जीपची ओळख मात्र छंदाआधी प्रवासाची होती. चंदगड-कोल्हापूरकडे जिला ‘वडाप’ म्हणतात ती खचाखच भरलेली जीप घाटात आणि बाजारच्या दिवशी धावत असे. त्या बहुतेक गाड्यांना जोर मागच्या दोनच चाकांना होता, हे आज पुष्कळांना खरे वाटत नाही.

मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली, तेव्हा तिचे इंजिन एक लिटरहून थोडे लहान, ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ १.३ लिटरची झाली. हलकी, अरुंद, पुढे-मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेली ही गाडी पाणंदीसाठीच घडवल्यासारखी आहे. लष्करानेही ती भरपूर वापरली. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे आणि छावणीचे गाव. हिरव्या रंगाची जिप्सी इथल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असते. जिप्सीचे उत्पादन थांबल्यावर तिच्यावरचे प्रेम आटण्याऐवजी वाढले.

२०१० मध्ये महिंद्रची पहिली आणि २०२० मध्ये दुसरी थार आली. नव्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिमी आणि पाण्यात उतरण्याची क्षमता ६५० मिमी, शिवाय एसी. २०१३ पासून मिळणाऱ्या फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक कारखान्यातूनच आहेत. २०२३ मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी आली. यामुळे मेळाव्याची वस्तीच बदलली. पूर्वी येणाऱ्याला गाडी खोलता यायची. आता पुष्कळांना फक्त चालवता येते, आणि काहींना तेही मेळाव्यातच शिकायचे असते. यात वाईट काही नाही. फक्त आपली गाडी ६५० मिमी पाण्यात जाते हे माहीत असलेल्याने ओढ्याचे पाणी किती मिमी आहे हेही उतरून पाहावे, एवढीच जुन्यांची तक्रार असते.

फेरफार : सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक फेरफार म्हणजे टायरमधली हवा कमी करणे. रस्त्यावर साधारण ३० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) असलेली हवा चिखलासाठी १८ च्या आसपास आणली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि रुततो कमी. परत डांबरावर येताना ती भरावी लागते, म्हणून हवेचा छोटा पंप गाडीत हवाच. हजारो रुपयांचे मड टायर घालून हवा तशीच ठेवणारे चालक दर मेळाव्यात दिसतात.

त्यानंतर उंची. जिप्सी आणि जुन्या जीपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या खालून गेलेले असतात. ते अ‍ॅक्सलच्या वर घेतले की गाडी एकदम उचलली जाते आणि पाण्या-दगडांतून सुटते. त्याची किंमत मात्र नंतर कळते. प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर जातात. स्टिअरिंगचा दांडा तिरका होऊन खड्ड्यात गाडी आपणहून वळते. गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर गाडी कलंडायला थोडेच निमित्त पुरते. जाणकार मिस्त्री म्हणूनच आधी पाटे नवे करायला, बुश बदलायला आणि चांगले शॉकअप घालायला सांगतो.

साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहते. त्यामुळे एक पुढचे आणि एक मागचे चाक हवेत गेले की चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा जागच्या जागी उभी राहते. लॉकर (डिफरन्शियल लॉक) दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. ‘लो रेंज’मध्ये इंजिनाचा जोर गिअरपेटीनंतर पुन्हा वाढतो, जुन्या जीपमध्ये जवळजवळ अडीचपट, आणि गाडी माणसाच्या चालीने चढते. जुन्या काही गाड्यांत त्याआधी खाली उतरून पुढच्या चाकांच्या हबची कळ फिरवावी लागते. ती चिखलात अडकल्यावर आठवते.

ओढ्यांसाठी स्नॉर्कल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, लावतात. इंजिनात हवेऐवजी पाणी शिरले तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. स्नॉर्कलने हा धोका कमी होतो, पण तो बसवल्यावर लोक जास्त खोल पाण्यात उतरतात, असेही दिसते. अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्राला) रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर घेणे हे काम फारसे दिसत नाही, म्हणून टाळले जाते. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते.

या भागाचा खरा फायदा उद्यमबागचा. बेळगावची ही औद्योगिक वसाहत ओतकाम आणि यंत्रकामासाठी प्रसिद्ध आहे. बुश, स्पेसर, शॅकल, शाफ्टची दुरुस्ती, जे पुण्या-मुंबईहून मागवावे लागेल ते इथे लेथवर होते. यात एक सावधगिरी हवी. फाउंड्रीच्या गावात कोणीही काहीही ओतून देतो, पण गाडी ओढण्याचा हुक ओतीव लोखंडाचा कधीच नसावा. तो न वाकता तडकतो आणि ताणलेल्या दोरीबरोबर गोळीसारखा सुटतो. चासीला नुसती वेल्डिंग केलेली कडीसुद्धा त्याच लायकीची. हुक घडीव आणि चासीला बोल्टने बसवलेला असावा.

मेळावा : गाड्या रांगेने जातात, शेवटच्या गाडीत जाणता चालक आणि सामान. अवघड जागी एक माणूस पुढे उभा राहून दिशा दाखवतो. सीमाभागात ही दिशा मराठी, कन्नड, कोकणी आणि हिंदीतून एकदम येते. ‘मुंदे’ म्हणजे पुढे, ‘हिंदे’ म्हणजे मागे, ‘यडक्के’ डावीकडे. ‘बलक्के’ म्हणजे उजवीकडे, पण नवख्या मराठी चालकाला त्यात ‘बळ’ ऐकू येते आणि तो पाय दाबतो. म्हणून ओरडायचे एकाने आणि शक्यतो हाताच्या खुणांनी, असा नियम करावा लागतो.

अडकलेली गाडी काढणे हा मेळाव्याचा अर्धा वेळ आणि सगळी करमणूक. ताणणाऱ्या पट्ट्याने दुसरी गाडी झटका देते, नाहीतर विंच, म्हणजे तार गुंडाळत गाडी ओढणारे यंत्र. विंचच्या तारेवर ओले पोते किंवा जाड कापड टाकतात, म्हणजे तार तुटली तरी उसळत नाही. झाडाला तार थेट गुंडाळली तर साल कापली जाते, त्यासाठी रुंद पट्टा वापरतात. झाड नसलेल्या मोकळ्या माळावर स्टेपनी पुरून तिलाच विंच लावण्याची युक्ती आहे. जांभ्याच्या सड्यावर ती चालत नाही, कारण वितीभर खणले की खडक लागतो. तिथे दुसरी गाडीच मुळासारखी उभी करावी लागते.

चोर्ला घाटाखाली गोव्यात २०१४ पासून ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ची भारतीय आवृत्ती भर पावसात होत आली आहे, मूळ स्पर्धा १९९७ मध्ये मलेशियात सुरू झाली. विंच, दोर आणि सहचालकाची धावपळ हा ऑफ-रोडिंगचाच भाग आहे, हे पटवून देण्यात अशा स्पर्धांचा वाटा आहे.

जागा आणि कायदा : जागा मिळवणे हे सर्वात अवघड काम. जुन्या चिरेखाणी, कापणीनंतरची भातशेते आणि रोपलावणीआधीचे चिखलाचे खाचर या मालकाला विचारून मिळणाऱ्या जागा. लावणीनंतर खाचरात गाडी घालणे म्हणजे वर्षाचे पीक तुडवणे, आणि बांध फोडला तर खालच्या चार शेतकऱ्यांशी भांडण.

जंगलाची गोष्ट वेगळी. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले. म्हादई तिथेच उगम पावते आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे दुर्मीळ वटवाघूळ राहते. जोयड्याकडचा काळी व्याघ्र प्रकल्प, २०१५ पर्यंत दांडेली-अणशी, तसाच संरक्षित आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशा ठिकाणी परवान्याशिवाय शिरता येत नाही. भीमगड अभयारण्यातल्या आमगावसारख्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून बाहेर आणावे लागते. ज्या चिखलात लोक गंमत म्हणून उतरतात तोच तिथे रोजचा रस्ता आहे, हे मेळाव्याला येणाऱ्यांना ठाऊक असते; त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

सीमा ओलांडली की वनखाते बदलते, मोटार कायदा बदलत नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा स्पष्ट केले. दुरुस्त कायद्यात अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुढचे जाडजूड लोखंडी गार्ड बेकायदा असल्याचे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. जुन्या जीपवाल्याचे त्या आठवड्यातले काम ठरलेले : उंच पाटे उतरवायचे, मूळचे चढवायचे, आणि नोंदणी होऊन आली की पुन्हा पहिल्यापासून. हा लपंडाव कोणालाच शोभत नाही, पण छंदाला परवानगीची सरळ वाट अजून नाही.

मेळाव्यानंतरचा सोमवार गॅरेजचा. काळी माती वाळून दगड व्हायच्या आत चासीतून धुवून काढायची, ब्रेकचे ड्रम उघडून पाहायचे, हबला ग्रीस भरायचे. मग मिस्त्री डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सैल करतो आणि तेलाची पहिली धार भांड्यात पडेपर्यंत सगळे वाकून बघत असतात. ती काळी निघाली तर बोल्ट परत आवळायचा. दुधाच्या चहासारखी निघाली तर पाणी आत गेले, आणि गाडी दोन दिवस तिथेच.