राजदूतांची निरोपाची पत्रं: परंपरा कुठून आली आणि बंद का पडली

निवृत्त राजदूतांच्या मुलाखती, आठवणी, पॉडकास्ट यांचा सध्या चांगलाच सुकाळ आहे. कुठल्या देशात काय बघितलं, कुणाशी कसं पटलं, मुलांच्या शाळांचं काय झालं, सगळं मोकळेपणाने सांगितलं जातं. पण राजदूतांचं असं मोकळं लिखाण मुळात वाचकांसाठी नव्हतंच, ते सरकारसाठी होतं आणि गोपनीय होतं. जुन्या काळी व्हेनिस हे स्वतंत्र राज्य होतं, तेव्हा तिथले राजदूत परत आले की सिनेटपुढे त्या देशाचा सविस्तर अहवाल मांडायचे, राजा कसा आहे, तिजोरीत किती आहे, दरबारात कुणाचं चालतं वगैरे. अहवाल गुप्त असायचे तरी त्यांच्या नकला बाहेर फिरायच्याच, आणि एकोणिसाव्या शतकात इतिहासकारांनी त्यांच्यावरच युरोपचा इतिहास उभा केला. म्हणजे गुप्त ठेवायचं म्हणून लिहिलेलं फुटतं, हे दुखणं काही आजचं नाही.

खरी गोष्ट ब्रिटनची आहे. तिथे राजदूत एखादी पोस्टिंग संपवून निघाला किंवा निवृत्त झाला की परराष्ट्र मंत्र्यांच्या नावाने शेवटचं एक लांबलचक पत्र लिहायचा. पत्र मंत्र्यांना उद्देशून असलं तरी त्याच्या प्रती इतर खात्यांत आणि जगभरच्या दूतावासांत जायच्या आणि लोक ती आवडीने वाचायचे, कारण वर्षानुवर्षं सांभाळून बोललेला माणूस इथे एकदाचा मनातलं बोलायचा.

मनातलं म्हणजे सगळं चांगलंच असायचं असं नाही. १९६७ मध्ये थायलंडहून निघालेल्या राजदूताने तिथल्या साहित्य-कलेबद्दल जे लिहिलं ते आज वाचताना लाज वाटते, निकाराग्वाहून त्याच वर्षी आलेलं पत्र तर एका अख्ख्या देशाला अप्रामाणिक ठरवून मोकळं झालंय. १९८४ मध्ये कॅनडातून निघालेल्यानेही यजमानांना सोडलं नाही. हा वर्गाचा आणि साम्राज्याचा माज होता, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. पण त्याच परंपरेतून १९७९ चं पॅरिसचं पत्रही आलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकाराची किंमत त्या एका पत्रावरून कळते. साठीला टेकलेल्या त्या राजदूताने फ्रान्सबद्दल नाही तर स्वतःच्या देशाबद्दल लिहिलं: फ्रान्स आणि जर्मनी पुढे निघून गेले, आपण आर्थिकदृष्ट्या मागे पडलो, आणि त्यामुळे परराष्ट्र धोरणातही आपल्या शब्दाला वजन उरलं नाही. पत्र मार्च अखेरचं, मे महिन्यात निवडणूक होऊन सरकार बदललं, जूनमध्ये एका साप्ताहिकाने ते जवळपास जसंच्या तसं छापलं. एवढं होऊनही माणसावर गदा आली नाही, उलट नव्या सरकारने त्याला निवृत्तीतून बोलावून वॉशिंग्टनला पाठवलं आणि १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात तोच तिथे होता.

आता २००६. रोमहून निवृत्त होणाऱ्या राजदूताने आपल्या पत्रात स्वतःच्या परराष्ट्र खात्यावरच झोड उठवली. बिझनेस प्लॅन, स्किल्स ऑडिट, सल्लागार कंपन्यांची भाषा, या सगळ्यात मुत्सद्देगिरी कशासाठी असते तेच आपण विसरलो का, असा त्याचा सरळ सवाल होता. त्याच वर्षी खात्याने निरोपाच्या पत्रांची ही पद्धत बंद केली, म्हणजे निरोपाचं लिहा, पण पूर्वीसारखं सगळीकडे वाटायचं नाही. कारण दिलं गेलं पत्रं फुटण्याचं. हे कारण खोटं नव्हतं, १९७९ चं उदाहरण समोर होतंच आणि माहितीच्या अधिकाराचा कायदाही २००५ पासून लागू झालेला. पण पॅरिसचं पत्र फुटल्यावर सत्तावीस वर्षं ही पद्धत चालू राहिली आणि टीकेचा रोख वरिष्ठांच्या कारभाराकडे वळल्यावरच ती बंद झाली, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. पत्राचं मोल त्याच्या वाटपातच होतं, मंत्र्याच्या टेबलावर एकच प्रत राहिली तर पुढच्या पोस्टिंगला निघालेल्या तरुण अधिकाऱ्याने शिकायचं कशातून? पुढे २००९ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेली जुनी पत्रं रेडिओवर वाचली गेली तेव्हा लोकांना या खजिन्याचा पत्ता लागला, तोवर तो प्रकार संपला होता.

त्यानंतर वर्षभरात अमेरिकेच्या अडीच लाख केबल्स, म्हणजे दूतावासांचे सरकारी संदेश, फुटून बाहेर आल्या. त्यातली ट्युनिशियाची २००९ ची एक केबल मुद्दाम वाचण्यासारखी आहे. राजदूत राष्ट्राध्यक्षांच्या जावयाकडे जेवायला जातो, घरात पिंजऱ्यातला पाळीव वाघ दिवसाला चार कोंबड्या खातोय, फ्रोझन योगर्ट विमानाने फ्रान्सहून आणलेलं आहे, आणि हे सगळं राजदूत शांतपणे नोंदवतो. जानेवारी २०११ मध्ये तेच राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. केबलमुळे क्रांती झाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण लोक का चिडले होते ते एका जेवणाच्या वर्णनात सगळं आलंय. दुसरीकडे, फुटलेल्या केबल्सपायी मेक्सिकोतल्या अमेरिकी राजदूताने राजीनामा दिला, इक्वेडोरमधल्या राजदूताला हाकललं गेलं, आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश राजदूतालाही याच कारणाने पायउतार व्हावं लागलं.

या सगळ्या जुन्या कागदांत घर मात्र जवळजवळ दिसत नाही. पार्ट्या कोण सांभाळायचं, दर तीन-चार वर्षांनी सामान कोण बांधायचं, हे गृहीतच धरलेलं. अमेरिकेत १९७२ पर्यंत नवऱ्याच्या कामाच्या मूल्यमापनात बायकोच्या वागण्याचीही नोंद व्हायची. ब्रिटनमध्ये बाईने लग्न केलं की परराष्ट्र सेवा सोडायची, हा नियम १९७३ पर्यंत होता. भारतातही महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागायची. परराष्ट्र सेवेतली पहिली महिला अधिकारीच बढती नाकारली म्हणून सुप्रीम कोर्टात गेली, सुनावणी चालू असताना तिला बढती मिळाली, त्यामुळे १९७९ मध्ये याचिका निकाली निघाली पण कोर्टाने भेदभावाचे नियम तपासून दुरुस्त करा असं सरकारला सुनावलं.

हे अनुभव खऱ्या अर्थाने नोंदले गेले ते मुलाखतींच्या प्रकल्पांतून, अमेरिकेत १९८५ पासून आणि ब्रिटनमध्ये १९९५ पासून. तिथे बायका बोलल्या, कनिष्ठ अधिकारी बोलले, व्हिसाच्या खिडकीमागे बसणारेही बोलले. अडचण इतकीच की मुलाखत निवृत्तीनंतर होते, तेव्हा सगळं थोडं निवळलेलं असतं आणि शेवट काय झाला तेही माहीत असतं. निरोपाचं पत्र सामान बांधता बांधता लिहिलेलं असायचं, आणि ज्याच्यावर टीका करायची तो माणूस अजून खुर्चीवर असायचा.