ब्रूटसचं नाणं आणि त्याचा कागद

ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनमधल्या एका लिलावात सोन्याचं एक रोमन नाणं ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. वजन जेमतेम आठ ग्रॅम, आकार आपल्या रुपयाएवढा. एका बाजूला सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचं डोकं. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, त्यांच्या मधोमध एक टोपी आणि खाली ‘एइद मार’ ही अक्षरं. म्हणजे मार्चची ‘ईड’, १५ मार्च, सीझरला सिनेटच्या सभेत भोसकलं तो दिवस. टोपीही साधी नाही, रोममध्ये गुलाम मुक्त झाला की ती डोक्यावर चढे. थोडक्यात, ‘आम्ही रोमला मोकळं केलं’ ही जाहिरात, आणि ती थेट सैनिकांच्या पगारातून वाटलेली. सीझरच्या वारसांशी झालेल्या फिलिपीच्या लढाईआधी, इ. स. पूर्व ४३-४२ मध्ये, ब्रूटसच्या फौजेबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत ही नाणी पाडली गेली. पुढे कॅसियस डिओ या इतिहासकाराने त्यांचं वर्णनही करून ठेवलं. प्राचीन ग्रंथात असं वर्णन सापडावं, हा मान फार थोड्या नाण्यांना मिळाला आहे.

लिलावात हे नाणं एका जुन्या स्विस संग्रहातलं म्हणून पुकारलं होतं. ते खोटं निघालं. नाणं अस्सल, कागद बनावट. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांच्या पथकाने नाणं ताब्यात घेतलं, मार्च २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं आणि विक्रेत्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला.

या छंदाच्या जुन्या जाणत्यांना हे उफराटं वाटलं असतं. त्यांच्या काळी भीती एकच, नाणं खोटं निघण्याची. ते कुठून आलं, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.

जुनी नाणी जपण्याची हौस तशी रोमनांइतकीच जुनी. सम्राट ऑगस्टस सॅटर्नेलियाच्या सणाला ज्या भेटी वाटायचा, त्यांत परदेशी आणि जुन्या राजांची नाणीही असत, असं स्वेटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो. सम्राट ट्राजनने तर प्रजासत्ताकाच्या काळातल्या जुन्या नाण्यांचे नमुने पुन्हा पाडून घेतले. त्या ‘नकला’ आज मूळ नाण्यांहून दुर्मीळ आहेत, हा त्यातला विनोद.

मग हजारभर वर्षं शांतता. चौदाव्या शतकात पेत्रार्क हा इटालियन कवी रोमला जाई, तेव्हा द्राक्षमळ्यात खणणारे लोक त्याच्याकडे येत. कुदळीचा ओरखडा उमटलेलं एखादं सोन्याचं वा चांदीचं नाणं हातात असे. विकत घ्या, नाहीतर निदान हा चेहरा कुणाचा ते तरी सांगा, असं त्यांचं म्हणणं. पेत्रार्कनेच हे लिहून ठेवलंय. इ. स. १३५४ च्या अखेरीस मांतुआला सम्राट चौथ्या चार्ल्सची भेट झाली, तेव्हा त्याने आपल्याजवळची काही रोमन नाणी सम्राटाला नजर केली. त्यातलं ऑगस्टसचं चित्र जणू श्वास घेत होतं, म्हणे. ज्यांच्या गादीवर बसलास त्यांच्यासारखा वाग, हा त्यामागचा टोमणा. नाण्याकडे सोनं म्हणून न बघता इतिहास म्हणून बघणारा हा पहिला माणूस असेल-नसेल, पण त्या मळेकऱ्यांचा उल्लेख मला जास्त मोलाचा वाटतो. नाणं ज्या मातीतून आलं ती माती या कथेत त्यानंतर चारशे-पाचशे वर्षं पुन्हा फारशी दिसत नाही.

सोळाव्या शतकात राजेरजवाडे, कार्डिनल, वकील, वैद्य सगळेच या नादाला लागले. मागणी वाढली की काय होतं ते सांगायला नको. पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनोने रोमन सम्राटांच्या मोठ्या ब्राँझ नाण्यांच्या इतक्या देखण्या प्रतिकृती केल्या की ‘पादुअन’ हा बनावट नाण्यांचा एक वेगळा प्रकारच ठरला. त्याचा हेतू फसवण्याचा होता की निव्वळ कारागिरीचा, यावर अजून वाद आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतल्या कार्ल बेकरबद्दल मात्र वाद नाही. तो शेकड्यांनी ठसे कोरायचा, नाणी पाडायचा, आणि नवी चमक घालवायला ती लोखंडाच्या किसात नि वंगणात घोळवून एका डब्यात भरायचा. डबा घोडागाडीच्या आसाला बांधायचा आणि खडबडीत रस्त्याने फेरफटका मारून यायचा. ‘म्हाताऱ्यांना फिरायला नेतो,’ असं तो म्हणे.

याच दोघांच्या मधल्या काळात नाण्यांच्या हौसेचं शास्त्र झालं. तोवर नाणी लावायची ती धातूवार, आकारमानाने, फार तर अक्षरक्रमाने. व्हिएन्नाच्या राजसंग्रहातल्या नाण्यांची देखरेख करणारा, जेझुइट धर्मगुरू योसेफ एकेल याने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांत सगळी मांडणी बदलली. ग्रीक नाणी नकाशाप्रमाणे, स्पेनपासून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पूर्वेकडे. रोमन नाणी कालक्रमाने. आजही लिलावाचा कॅटलॉग उघडला की साधारण हाच क्रम दिसतो. पण एकेलपुढेही प्रश्न होता तो नाणं कुणी पाडलं हा. ते कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं, हे लिहून ठेवायची रीत अजून पडायची होती.

इथे जरा थांबून एक नाणं हातात घेऊ. अथेन्सचं घुबड. इ. स. पूर्व पाचव्या शतकातलं चार द्राख्मांचं (द्राख्मा हे ग्रीक चलन), १७ ग्रॅमच्या आसपास, अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतल्या चांदीचं. जाडजूड, जुन्या कोटाच्या बटणासारखं. पुढे अथेना देवी. तिच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुतेक वेळा कडेबाहेर गेलेला. मागे टक लावून बघणारं घुबड, कोपऱ्यात ऑलिव्हची डहाळी नि चंद्रकोर, बाजूला ग्रीक अक्षरांत ‘अथे’. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात, मधे चांदीची चकती, आणि वरून हातोडा. तेव्हा ठसा दर वेळी मधोमधच बसेल कसा? म्हणून एकासारखं दुसरं नाणं नाही, आणि हे पुढे फार कामी येणार आहे.

अशा पुष्कळ घुबडांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो. नवशिक्या संग्राहक हळहळतो, कारण किंमत पडते. पण तो घाव म्हणजे त्या काळचा पंचनामा. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा, अशी बनावट नाणी तेव्हाही होती. अथेन्सच्या बाजारात नाणी तपासायला एक सरकारी गुलाम बसलेला असे. इ. स. पूर्व ३७५-७४ चा तिथला कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. तांब्याच्या पोटाचं नाणं आलं की तपासनिसाने ते तिथल्या तिथे कापायचं. त्याने कामात कुचराई केली तर ५० फटके. आपल्याकडे पोतदाराचं काम तेच होतं. फटक्यांचं मात्र माहीत नाही. (वाजवून बघण्याचा आपला जुना उपाय या नाण्यांवर करू नये. अडीच हजार वर्षं पुरलेली चांदी ठिसूळ होते. अस्सल नाणंही बद्द वाजतं, आणि नशीब वाईट असेल तर हातात दोन तुकडे येतात.)

ग्रीक आणि रोमन नाण्यांची एक मोठी शाखा भारताकडे वळते. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा मार्गदर्शक लिहिणारा ग्रीक व्यापारी सांगतो की बरुगाझाला, म्हणजे भडोचला, अपोलोडोटस आणि मिनँडर या भारतातल्या ग्रीक राजांचे जुने द्राख्मा अजून चालतात. म्हणजे तेव्हाच ती जुनी नाणी होती! रोमचं सोनंही येत होतं. दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) भारत ओढून नेतो, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. दक्षिणेत पुदुकोट्टईला १८९८ साली मिळालेल्या ठेव्यात ५०१ रोमन सोन्याची नाणी होती, आणि बहुतेक सगळ्यांवर सम्राटाच्या ऐन चेहऱ्यावर छिन्नी मारलेली. हे सोनं आता नाणं म्हणून चालायचं नाही, एवढं त्यातून कळतं.

भारतातल्या ग्रीक नाण्यांचा युरोपीय शोध कर्नल जेम्स टॉडपासून धरतात. राजस्थानात असताना त्याने पावसाळ्यात मातीतून वर येणारी नाणी गोळा करायला मथुरेत माणसं ठेवली. सुमारे २०,००० नाणी जमली आणि त्यांतली जेमतेम १०० कामाची, असं त्याचंच गणित. पण त्यांत अपोलोडोटस आणि मिनँडर निघाले. मग चार्ल्स मॅसनने अफगाणिस्तानात बेग्रामला हजारोंनी नाणी वेचली आणि ती कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या टेबलावर पोचली. मिनँडरच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीकमध्ये ‘बसिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’, दुसऱ्या बाजूला अनोळखी लिपी. तिथेही तेच, ‘महारजस त्रतरस मेनंद्रस’, लिहिलंय हे हळूहळू उलगडलं आणि १८३० च्या दशकात ती लिपी, म्हणजे खरोष्ठी, वाचता आली. हा मिनँडर म्हणजेच ‘मिलिंदपञ्हो’ या पाली बौद्ध ग्रंथातला, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला नाव त्याचं आणि परिसराला, नागसेनवनाला, त्या भिक्षूचं.

ग्रीक अक्षरं आपल्या अंगणातही सापडली. नाशिक जिल्ह्यात, गोदावरी-दारणेच्या संगमाजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या १३,००० हून जास्त नाण्यांचा ठेवा मिळाला. क्षत्रप नहपानाची नाणी, राजाच्या चेहऱ्याभोवती मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये त्याचं नाव, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. काहींवर तर नहपानाच्या नाकावरच सातवाहनांचं टेकडीचं चिन्ह उभं आहे. सातवाहनांनी क्षहरातांना, म्हणजे नहपानाच्या घराण्याला, हरवल्याचा हा उघड पुरावा. आणि तो पुरावा एकेका नाण्याचा नाही. ही नाणी सुटी सुटी सराफाकडे गेली असती, तर ‘नहपान, चांदी, ठसा खराब’ एवढीच नोंद उरली असती.

बाजाराला हे कळायला फार उशीर झाला. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ सुमारे १,९०० चांदीच्या ग्रीक नाण्यांचा ठेवा निघाला. त्यात अथेन्सची १० द्राख्मांची १४ नाणी होती, आणि तोवर अशी नाणी जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. ठेवा चोरून बाहेर गेला, मोठा भाग अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी विकत घेतला, वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९९९ मध्ये नाणी तुर्कस्तानला परत गेली. परत आली ती नाणी. मडकं कसं होतं, कशात काय ठेवलं होतं, ते गेलं ते गेलंच.

याच्या उलट इंग्लंडमधलं फ्रोम. २०१० मध्ये धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या एका हौशी माणसाला, पेशाने रुग्णालयातल्या आचाऱ्याला, शेतात मडक्याचं तोंड लागलं. त्याने खणणं थांबवलं आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. आत ५२,५०३ रोमन नाणी निघाली. ती थराथराने काढली, तेव्हा सगळ्यात उशिराची, काराउसियस या सम्राटाची नाणी वर न सापडता बरीच खोल सापडली. म्हणजे हे कुणाचं वर्षानुवर्षं भरत गेलेलं गाडगं नव्हतं; सगळी नाणी एकदमच ओतली होती. त्या आचाऱ्याने हाताने उपसली असती, तर नाणी तेवढीच मिळाली असती आणि ही गोष्ट मिळाली नसती.

कायद्याने आता दोर आवळले आहेत. १९७० च्या युनेस्को करारानंतर देशोदेशी नियम कडक झाले. आपल्याकडे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवायचं हा १८७८ चा कायदा आहेच, आणि १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

त्यामुळे मोठ्या लिलावांत हल्ली नाण्याच्या फोटोखाली त्याची वंशावळ छापलेली असते, कधी नाण्याच्या वर्णनाहून लांब. ती पडताळायला जुने कॅटलॉग उपयोगी पडतात. प्रत्येक नाणं हातोड्याने पाडलेलं, त्यामुळे कडेची चीर, सरकलेला ठसा, घुबडाच्या पंखाजवळचा टवका कुणाचाच दुसऱ्यासारखा नाही. १९२० च्या दशकातल्या छायाचित्राशी तो टवका जुळला की बोली चढते. म्हणून ते जुने कॅटलॉगच आता वेगळ्या लिलावांत विकले जातात, आणि चांगल्या छायाचित्रांच्या प्रतीला संग्राहक साध्या रोमन नाण्याहून जास्त पैसे मोजतात.