सिंह नंतर बघा, आधी ढालीचा रंग बघा

परवा सिग्नलला थांबलो होतो. पुढे इलेक्ट्रिक स्कूटर, हिरव्या पाटीवर पांढरे आकडे. शेजारी टॅक्सी, पिवळ्यावर काळे. पलीकडे भाड्याने चालवायला घेतलेली गाडी, काळ्यावर पिवळे. मग डोक्यात चक्रच सुरू झालं, की आपल्या खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळे, टेम्पररी रजिस्ट्रेशनला पिवळ्यावर लाल, वकिलातीच्या गाडीला निळ्यावर पांढरे, आणि एवढ्या प्रकारांत एकही पाटी पिवळ्यावर पांढरी नाही की निळ्यावर लाल नाही. आरटीओमध्ये कुणी मध्ययुगीन पोथ्या वाचत बसलं नसणार, पण हाच नियम युरोपातले सरदार आपल्या ढाली रंगवताना आठेकशे वर्षांपूर्वी पाळत होते.

त्यांच्या शास्त्राला हेराल्ड्री म्हणतात. हेरल्ड म्हणजे साधारण आपल्या भालदार-चोपदारांचे भाऊबंद, स्पर्धेच्या मैदानात कोण सरदार आला ते ढालीवरून ओळखून ललकारी देणारे. रंग मोजकेच. सोनेरी आणि रुपेरी यांना म्हणायचं धातू, प्रत्यक्षात पिवळा आणि पांढरा लावला तरी चालतो. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. आणि एकच मोठा नियम: धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. म्हणजे निळ्या ढालीवर सोनेरी सिंह चालेल, लाल सिंह नाही चालणार.

सगळे लोक त्या सिंहाचा अर्थ काय, गरुडाचा अर्थ काय यातच अडकतात. मला विचाराल तर खरी गंमत या नियमात आहे.

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पांढऱ्याचा उजळपणा 100 धरला तर शुद्ध पिवळा येतो 93 च्या आसपास. लाल? फक्त 21. दाट हिरवा 15, निळा 7, जांभळा 6, काळा शून्य. आता हे आकडे परत बघा. दोन धातू वर 90 च्या पुढे बसलेत, बाकी सगळे खाली 21 च्या आत, आणि मधे सगळं मोकळं मैदान. (जुने रंग स्क्रीनइतके झगझगीत नव्हते हे मान्य, पण क्रम साधारण तोच.) फिकट राखाडी, नारिंगी हे मधल्या पट्ट्यातले रंग मूळ यादीत नाहीतच. म्हणजे धातू आणि रंग असं नाव दिलं तरी ती विभागणी खरं तर उजळ आणि गडद अशी आहे.

पण लाल आणि निळा वेगळे तर दिसतातच की, मग एकमेकांवर का नकोत? इथे डोळ्याचं वायरिंग समजून घ्यावं लागतं. दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात हे शाळेत झालंय. मेंदूकडे मात्र त्यांचे सिग्नल जसेच्या तसे जात नाहीत, आधी त्यांची बेरीज-वजाबाकी होते. लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या पेशींची बेरीज म्हणजे उजळपणाची वाट. त्याच दोघींची वजाबाकी म्हणजे लाल-हिरव्याची वाट. आणि तिसरी, आखूड तरंगलांबीची पेशी वजा या दोघी, म्हणजे निळ्या-पिवळ्याची वाट. बारीक तपशील, कडा, अक्षरं हे सगळं मुख्यतः पहिल्या वाटेने जातं. लाल-हिरव्याची वाट तिच्यापेक्षा चार-पाचपट ढोबळ. निळ्याचं तर विचारूच नका, त्या पेशी शंभरात पाच ते दहा, आणि जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण असते त्या मधल्या बिंदूत एकही नाही. त्यात भिंगाची वेगळीच भानगड, लाल आणि निळा प्रकाश एकाच वेळी नीट फोकस होत नाही, म्हणून निळ्यावरची लाल अक्षरं वाचताना कड थरथरल्यासारखी वाटते.

डोक्यावरून गेलं असेल तर मोबाईलमधला फोटो घ्या. जेपीईजी फोटो सेव्ह होताना उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, पण रंगाची माहिती बऱ्याचदा चार पिक्सेलमध्ये मिळून एकच, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. हेरल्ड लोकांना पेशी-बिशी काही ठाऊक नव्हत्या, पण लांबून काय दिसतं ते रोज बघून त्यांना पाठ झालं होतं. गांधीलमाशीही पिवळी-काळीच असते, तिने कुठे ऑप्टिक्स शिकलंय.

आता जरा हिशोब करू. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील पकडते. 300 मीटरवर तो भरतो जवळजवळ 9 सेंटीमीटर. ढाल 60 सेंटीमीटर रुंद धरली तर तिच्या रुंदीत बसतात जेमतेम सात ठिपके! सात ठिपक्यांत सिंहाची आयाळ, जीभ, नखं काय दिसणार कप्पाळ. दिसतात ते रंगाचे गठ्ठे, म्हणून तर उभा पट्टा, आडवा पट्टा, तिरका पट्टा, चौकोन अशा ढोबळ आकृत्या इतक्या जागोजाग सापडतात.

आणि दिसलं नाही तर काय होतं ते 14 एप्रिल 1471 ला लंडनच्या उत्तरेला बार्नेटच्या लढाईत कळलं. दाट धुकं. अर्ल ऑफ ऑक्सफर्डच्या माणसांच्या अंगावर किरणांचा तारा, शत्रूकडचा राजा चौथा एडवर्ड याचं चिन्ह किरणांचा सूर्य. त्या काळच्या एका वृत्तांतात आहे की धुक्यातून परत येणाऱ्या ऑक्सफर्डच्या लोकांना त्यांच्याच बाजूच्या वॉरविक या सरदाराच्या सैन्याने एडवर्डचे समजून बाण मारले, मग दगा दगा म्हणून ओरडा झाला आणि पळापळ. वॉरविक मारला गेला. धुकं आधी कॉन्ट्रास्ट खातं, मग आकार.

तर सिंह. 1128 च्या सुमारास इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने आपला जावई, फ्रान्समधल्या आंजू प्रांताचा जेफ्री, याला सोनेरी सिंहांची ढाल दिली असं एक वृत्तांत सांगतो, तोही पन्नासेक वर्षांनी लिहिलेला. पण जेफ्रीच्या थडग्यावरची मीनाकारीची पाटी फ्रान्समध्ये ल मान्सला अजून आहे, निळी ढाल, सोनेरी सिंह. आणि त्याचा नातू विल्यम लाँगस्पे 1226 मध्ये गेला, त्याच्या सॉल्सबरीच्या समाधीवरच्या ढालीवरही सिंहच. चिन्ह आजोबांकडून नातवाकडे आलं, कुलचिन्ह म्हणतात ते हे.

हे सिंह काढणाऱ्या बहुतेकांनी सिंह बघितलेला नसणार. मागच्या पायांवर उभा, चारही पंजे फाकवलेले, शेपूट वर, असा सिंह जंगलात कुठे चालतो? पण उंच निमुळत्या ढालीत तो बरोब्बर मावतो आणि पायांमधल्या मोकळ्या जागेमुळे आकृती सुटी दिसते. चालणारा सिंह आडवा, मग एकाखाली एक तीन काढले की ढाल भरली, इंग्लंडचे तीन सिंह असेच. खरे सिंहही होते म्हणा, लंडनच्या टॉवरमध्ये राजांचा प्राणिसंग्रह होता. 1930 च्या दशकात तिथल्या खंदकात कवट्या सापडल्या, एक कार्बन डेटिंगनुसार 1280 ते 1385 मधली, आणि डीएनए जुळला उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी सिंहांशी, जे आता जंगलात उरलेच नाहीत.

युनिकॉर्नचं, म्हणजे एका शिंगाच्या काल्पनिक घोड्याचं, उलट. स्कॉटलंडच्या चिन्हात तो साखळीने बांधलेला आहे, आणि युरोपभर त्याचं म्हणून विकलं जाणारं शिंग विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे सोन्याच्या भावाने घेत. 1638 मध्ये डेन्मार्कच्या ओले वुर्मने दाखवून दिलं की तो नारव्हाल नावाच्या समुद्री प्राण्याचा दात आहे. धंदा लगेच बंद पडला असं मात्र नाही, तो कधी पडतो.

आजचा धंदा वेगळा. तुमच्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स, म्हणजे कुलचिन्ह, छापलेला मग घ्या! इंग्लंडमध्ये हे चिन्ह आडनावाला मिळतच नाही, ते एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, त्यासाठी 1484 पासून कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था आहे. म्हणजे सगळ्या स्मिथांचं मिळून एक चिन्ह असं काही नसतं. सोबत अर्थांची यादी येते, लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हेही बहुतेक मागाहून चिकटवलेलं. नवरात्रात आज कुठला रंग आणि त्याने काय फळ मिळतं याचे मेसेज फिरतात ना, त्याच पंगतीतलं.

नियम मोडलेलाही सापडतो. जेरुसलेमच्या राज्याचं चिन्ह रुपेरीवर सोनेरी क्रूस, धातूवर धातू, मुद्दाम केलंय असं सांगतात, बघणाऱ्याने थांबून विचारावं म्हणून.

आणि जिथे रंगच नाही तिथे? गोव्यात जुन्या दगडांवर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेलं दिसतं, पाच छोट्या ढाली आणि कडेला किल्ले. ढाली रुपेरीवर निळ्या, किल्ले लालवर सोनेरी, हे दगड सांगत नाही, आधी ठाऊक असावं लागतं. काळ्या शाईच्या छपाईत हीच अडचण आली तेव्हा सिल्वेस्टर पेट्रा सँक्टा या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्याने 1638 च्या पुस्तकात वापरलेली खुणांची पद्धत रूढ झाली: उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरं सोडलं तर रुपेरी. आता रेघांनी भरलेला भाग लांबून बघितला तर करडा, गडद दिसतो, आणि ठिपक्यांचा किंवा कोरा भाग उजळ. रंग काढून घेतले तरी धातू वर आणि रंग खाली, तसेच.