दुकानासाठी क्रेडिट कार्ड काढताना: पात्रता, कागदपत्रं आणि आधी मांडायचा हिशेब

दुकानाच्या मालाचे पैसे घरच्या क्रेडिट कार्डावरून देणारे व्यापारी दर मार्चला माझ्याकडे स्टेटमेंटचा गठ्ठा घेऊन येतात. मुलाची फी, पेट्रोल, तेलाचे डबे, पॅकिंगचे खोके, सगळं एकाच कागदावर. त्यातून धंद्याचा खर्च वेचून काढण्यात दिवस जातात. मालाचं बिल जीएसटी क्रमांकाशिवाय घेतलेलं असलं, तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, तीही हातची जाते. शिवाय बऱ्याच बँकांच्या वैयक्तिक कार्डाच्या करारात ‘व्यापारी कामासाठी वापरू नये’ अशी अट असते. म्हणून धंद्याचं कार्ड वेगळं असावं, असा माझा आग्रह आहे.

कोणतं घ्यावं, हे ठरवताना लोक पॉइंट आणि विमानतळावरचं लाउंज बघतात. आधी बघायचं ते दुसरंच: तुम्ही माल घेतल्यापासून गिऱ्हाइकाचा पैसा किती दिवसांनी गल्ल्यात येतो?

समजा, कार्डाचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि भरायची मुदत २५ तारखेची आहे. ६ जूनला माल घेतलात तर पैसे २५ जुलैला द्यायचे, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. तोच माल ४ जुलैला घेतलात तर फक्त २१ दिवस. किराणा, फरसाण, औषधं असा रोजच्या रोकडीचा धंदा असेल तर या मुदतीत पैसा फिरून परत येतो आणि कार्ड खरंच कामाला येतं. पण ज्याची बिलं ९० दिवसांनी वसूल होतात, त्या छोट्या ठेकेदारानं कार्डावर माल उचलणं धोक्याचं. त्याला कॅश क्रेडिट (बँकेनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं काढायचं कर्ज) किंवा मुद्रा कर्ज (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं कर्ज) बरं.

का, ते आकड्यांत बघा. ६०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के असेल, तर व्याज २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, मिळून २,४७८ रुपये. ‘किमान देय रक्कम’ म्हणून ३,००० भरलेत तर मुद्दल कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी. हेच ६०,००० वर्षाला १२ टक्के दरानं घेतले असते तर महिन्याचं व्याज ६०० रुपये झालं असतं. आणि थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर व्याज लगेच सुरू होतं आणि शुल्क वेगळं. मजुरांचा पगार भागवायला अशी रोख काढू नका, अगदी अडलात तरीही.

दुसरी गोष्ट, तुमचा घाऊक व्यापारी कार्ड घेतो का, हे अर्ज करण्याआधी विचारा. अनेक जण कार्ड म्हटलं की बिलावर दोन टक्के चढवतात. मग पॉइंटचा फायदा तिथेच संपतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि बाजारात त्याचा उपयोग मोठा आहे. मात्र ते व्यापारी क्यूआरवरच चालतं. तुमचा पुरवठादार स्वतःच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेत असेल तर व्यवहार होणार नाही.

कोणाला कोणतं मिळू शकतं

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, उद्यम पोर्टलवर (छोट्या उद्योगांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर) नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख रुपयांपर्यंत मर्यादेची खास क्रेडिट कार्डं जाहीर झाली. ५ लाख ही कमाल मर्यादा. तुम्हाला किती द्यायचं हे बँक तुमच्या खात्यातली उलाढाल आणि परतफेडीचा इतिहास बघून ठरवते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही ‘सूक्ष्म’. म्हणजे आपल्या गल्लीतली जवळजवळ सगळी दुकानं यात बसतात. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते.

ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढ्यावर ती होते. तशाच नावाची खासगी संकेतस्थळं दीड-दोन हजार रुपये घेतात. तिथे एक पैसाही भरू नका.

रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये या योजनेची फेररचना झाली. कर्जाचे टप्पे १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपयांपर्यंतचे झाले, आणि दुसरं कर्ज वेळेत फेडणाऱ्यांना यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड मिळण्याची सोय झाली. मुद्रा कार्ड मात्र वेगळं: ते मुद्रा कर्जाच्या खात्यातून पैसे काढायचं डेबिट कार्ड आहे. या दोन्हींत लोकांची हमखास गल्लत होते.

धंदा नवा असेल, आयकर विवरण एकच वर्षाचं असेल किंवा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) तयारच झाला नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. ठेवीच्या साधारण ७५ ते ९० टक्के मर्यादा मिळते, ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि वर्षभर नीट भरणा केला की स्कोअर उभा राहतो. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ७५० च्या वर असला की बहुतेक बँका फारसे प्रश्न विचारत नाहीत. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो अर्जाआधी काढा, कारण भरलेलं जुनं कर्ज कधीकधी तिथे थकीतच दिसतं. आणि एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची तिथे नोंद होते.

कागदपत्रं

एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मालकाचं पॅन, आधार किंवा पत्त्याचा दुसरा अधिकृत पुरावा, फोटो, चालू खात्याचं सहा ते बारा महिन्यांचं स्टेटमेंट आणि शक्यतो दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात. त्याशिवाय केवायसीच्या नियमांनुसार धंदा चालू असल्याचे दोन पुरावे: उद्यम प्रमाणपत्र, शॉप अ‍ॅक्टचा कागद, जीएसटी प्रमाणपत्र, धंद्याच्या नावाचं वीजबिल यांपैकी कोणतेही. महाराष्ट्रात कमी कामगार असलेल्या दुकानांना शॉप अ‍ॅक्टची नोंदणी नसते, फक्त सूचनेची पावती मिळते. ‘आमच्याकडे लायसन नाही’ म्हणून घाबरू नका, तीच पावती दाखवा. भागीदारी असेल तर करारनामा, फर्मचं पॅन आणि सर्व भागीदारांचं संमतिपत्र. कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव.

माझ्या अनुभवात अर्ज अडतो तो कागद नसल्यामुळे कमी, नावं न जुळल्यामुळे जास्त. उद्यमवर ‘श्री गणेश ट्रेडर्स’, बँकेत ‘गणेश ट्रेडिंग’, जीएसटीवर जुना पत्ता. एका मैत्रिणीच्या शिवणकामाच्या धंद्याचा अर्ज याच कारणानं दोनदा परत आला. पत्ता दुरुस्त केल्यावर बाकी काहीही न बदलता तो मंजूर झाला. आधी सगळे कागद टेबलावर मांडा, नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज बँकेच्या शाखेत किंवा तिच्या अधिकृत अ‍ॅपवर करा. जिथे तुमचं चालू खातं आहे तिथूनच सुरुवात करा. तुमची उलाढाल त्यांना रोज दिसते. अर्जासोबत बँकेनं एका पानाचं मुख्य माहितीपत्रक द्यायलाच हवं. त्यात व्याजदर आणि शुल्कं असतात. ते मराठीत मागा, सही करण्याआधी वाचा. कार्डावर जीएसटी क्रमांक नोंदवून घ्या, म्हणजे वार्षिक शुल्कावरच्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. एकट्याच्या मालकीत कार्डाची थकबाकी ही तुमची वैयक्तिक थकबाकीच असते; धंदा बंद झाला तरी ती सुटत नाही. कंपनीच्या कार्डालाही बँक संचालकाची हमी मागू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी ग्राहकाला काही हक्क दिले आहेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळतं. न मागता कार्ड पाठवता येत नाही. बिलाची तारीख निदान एकदा बदलून घेता येते. तुमची वसुली महिनाअखेरीला होत असेल तर ही सोय नक्की वापरा. थकबाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितलंत तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेनं तुम्हाला द्यायचा. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख मात्र जपून ठेवा, लोकपालाच्या अर्जात ती लागते.