दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाणी ओतू नका

होळी झाली की आमच्या पुण्यात गच्चीवरच्या कुंड्यांचं सगळं वेळापत्रक बदलावं लागतं. पहिल्या वर्षी माझी दोन टोमॅटोची झाडं आणि एक जास्वंद गेली, ती उन्हाने नाही, मी भर दुपारी पुन्हा पुन्हा घातलेल्या पाण्याने.

होतं काय की 2 वाजता पानं लुळी पडतात, आपल्याला वाटतं झाडाला तहान लागली. पण आधी मातीत बोट घालून बघा, दोन इंच खाली ओल लागली तर पाणी अजिबात नको. पानांवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, त्यातून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान गार राहतं, आपल्याला घाम येऊन गार वाटतं ना तसंच. मुळांनी ओढलेलं बहुतेक सगळं पाणी असंच हवेत जातं. मार्च-एप्रिलमधली दुपारची हवा इतकी कोरडी असते की पानातून जाणारं पाणी जास्त आणि मुळांकडून येणारं कमी पडतं, मग पेशी सैल पडतात आणि पान मान टाकतं. ऊन उतरलं की परत ताठ. सकाळी सकाळी पण पान मलूल असेल आणि माती कोरडी लागली तर मात्र झाड खरंच तहानलंय.

ओल्या मातीत अजून पाणी घातलं तर काय बिघडतं? मुळं पण श्वास घेतात! मातीच्या कणांमधल्या पोकळीत जी हवा असते ती त्यांना लागते, तिथे पाणी भरलं की ती हवा बाहेर. त्यात उन्हाळ्यात माती तापली की मुळांना ऑक्सिजन जास्त लागतो, आणि गरम पाण्यात तो विरघळतो मात्र कमी. मुळं गुदमरली की पाणी ओढणं थांबतं, पानं परत मलूल, आणि आपण परत पाणी घालतो.

थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात असं आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण 2010 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं तर गुळगुळीत पानं काही जळली नाहीत, जिथे पानावरच्या लवेवर थेंब अधांतरी राहतो तिथेच डाग पडू शकतात. तरीही पाणी सकाळीच घाला, वाफ होऊन कमी जातं आणि दिवसभराची बेगमी होते.

टोमॅटोची फुलं गळायला लागली तर खत टाकू नका, पारा 35 च्या वर जायला लागला की परागकणच नीट तयार होत नाहीत. त्यापेक्षा आता भेंडी, गवार लावा, त्यांना ऊन मानवतं. पानांच्या मागे बारीक जाळी आणि लाल ठिपके दिसले तर ती कोळी नावाची कीड, कोरड्या हवेत फार वाढते, पानं खालून पाण्याने धुवा.

आणि आच्छादन! याच दिवसांत सोसायटीत पानांचा खच पडतो आणि लोक तो जाळतात, बघून जीव तुटतो, कारण कुंडीत त्याचा दोन-तीन इंच थर दिला की मातीला ऊन थेट लागत नाही आणि ओल टिकते. फक्त खोडाला चिकटवू नका. आमच्या वॉचमनकाकांना मी आधीच सांगून ठेवते, ते पोती भरून ठेवतात, आणि पाऊस येईपर्यंत खालची पानं कुजून मातीत मिसळायला लागलेली असतात.