साडेतीन मीटरचा थर

आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी परवा फॉरवर्ड पाठवला. हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के, तेवढ्याने पृथ्वी तापते म्हणणारे शास्त्रज्ञ जगाला वेड्यात काढताहेत. खाली हसणारे तीन चेहरे.

आकडा बरोबर आहे. दहा लाख रेणूंमागे आज ४२० हून जास्त, औद्योगिक क्रांतीआधी साधारण २८०. पण इथे टक्केवारीला काही अर्थ नाही. कोरड्या हवेतला ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉनचा, आणि जमिनीतून निघणारे अवरक्त किरण (म्हणजे उष्णतेचे, न दिसणारे) त्यातून जवळपास आरपार जातात. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की किरणांच्या वाटेत कार्बन डायऑक्साइड एकूण किती? वातावरणातला सगळा वेगळा काढून इथल्या दाबाला जमिनीवर पसरला, तर थर होईल सुमारे साडेतीन मीटर. घराचा अख्खा एक मजला. ओझोनचा असाच थर जेमतेम तीन मिलिमीटर भरतो, आणि तेवढ्यावर आपली कातडी वाचते.

शंका घेणाऱ्यांकडे याहून भारी मुद्दा आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की तापमान किती वाढेल, हे गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८९६ मध्ये मांडलं. त्याच देशातल्या क्नुट ऑंगस्ट्रॉमने १९०० मध्ये त्यावर बोट ठेवलं. त्याच्या सहायकाने ३० सेंटीमीटरच्या नळीत हा वायू भरून त्यातून अवरक्त किरण सोडले, मग वायू एक तृतीयांशाने कमी केला. शोषणात फरक जवळपास शून्य! खिडकीच्या काचेला काळा रंग दिलाच आहे, तर दुसरा हात देऊन खोलीत आणखी काय अंधार होणार? पुढची कित्येक दशकं बहुतेकांना हे पटत राहिलं.

नळीत एक गोष्ट मावत नव्हती, ती म्हणजे उंची. १५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण जमिनीवरून निघतो न निघतो तोच कार्बन डायऑक्साइडचा एखादा रेणू त्याला गिळतो, वाकून थरथरतो आणि शेजारच्या रेणूंना धक्के देत ती ऊर्जा वाटून टाकतो. गरम झालेली हवा पुन्हा किरण सोडते, वरही आणि खालीही. हातोहात असं वर जाता जाता हवा विरळ होते, आणि एका उंचीवरून सुटलेला किरण कुणाच्याही तावडीत न सापडता अवकाशात निसटतो. पृथ्वीची उष्णता बाहेर पडते ती या गच्चीवरून. सगळ्या तरंगलांबींची सरासरी धरली तर गच्ची पाच-सहा किलोमीटरवर, तापमान उणे १८ अंश.

वायू वाढला की गच्ची वर सरकते. वर थंडी. वाईहून पसरणी घाट चढताना एसटीची खिडकी कधी लावून घ्यावीशी वाटते ते आठवा. सरासरी किलोमीटरला साडेसहा अंश उतरतात. थंड गच्ची कमी उष्णता फेकते. सूर्याकडून आवक तेवढीच, जावक घटली, मग हिशेब जुळेपर्यंत खालची हवा आणि जमीन तापत राहणार. वायू दुप्पट झाला तर ही तूट चौरस मीटरला सुमारे ३.७ वॅट. (स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांसाठी: पट्ट्याचा मध्य भरलेला असला तरी कडा मोकळ्याच असतात, वायू वाढेल तशा त्या भरत जातात, म्हणून वाढ लॉगरिदमने होते.)

यातून एक भाकीत निघतं. सूर्य प्रखर झाला असता तर खालची आणि वरची हवा दोन्ही तापल्या असत्या. कार्बन डायऑक्साइडमुळे खालची तापेल, पण स्थितांबर (ढगांच्याही वरचा हवेचा थर) गार होईल, असं हवामानशास्त्रज्ञ मनाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने दाखवलं. उपग्रहांच्या नोंदीत नेमकं तेच दिसतं. मनाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

ऑंगस्ट्रॉम प्रयोग करून शंका काढत होता. 'शंका हाच आपला माल' असं एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात लिहिलेलं सापडलं, ती जात वेगळी. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष फ्रेडरिक साइट्झ यांनी आधी आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीच्या पैशावर चालणारं वैद्यकीय संशोधन सांभाळलं आणि नंतर तापमानवाढीविरुद्धच्या मोहिमेला आपलं नाव दिलं. दुसऱ्या टोकालाही गंमत आहेच. एक अवकाळी पाऊस पडला, की संध्याकाळच्या बातम्यांत 'हवामान बदलाचा तडाखा' ठरलेला! एका पावसावरून तसं ठरत नाही. आणि तुळस रात्रीही ऑक्सिजन सोडते, हा खोटा फॉरवर्डसुद्धा काकांच्याच फोनवरून आला होता.

काकांना हे सगळं कट्ट्यावर बसून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मग वाफेचं काय रे? ती तर हवेत कितीतरी जास्त."

प्रश्न अस्सल इंजिनिअरचा. वाफ जास्त अडवते, खरंच. पण उंचावर गारठ्याने ती ढग होऊन पावसाच्या रूपाने खालीच उतरते. गच्चीपर्यंत पोचते फार थोडी. कार्बन डायऑक्साइड त्या थंडीत गोठत नाही, तो वर तसाच पसरलेला राहतो.