रोमानी भाषेचं भारतीय मूळ कसं उलगडलं

युरोपातल्या रोमा लोकांना ‘जिप्सी’ हे नाव चिकटलं, ते ही मंडळी इजिप्तमधून आली या समजुतीतून. त्यांच्यापाशी स्वतःचा लिखित इतिहास नव्हता. ही समजूत खोडली गेली ती त्यांच्या रोमानी भाषेमुळे.

१७८२ मध्ये जर्मनीतल्या हाले इथल्या योहान र्‍यूडिगरनं एका रोमा बाईकडून काही वाक्यं मिळवली आणि हिंदुस्तानीशी ताडून पाहिली. शब्दच नव्हे, व्याकरणही जुळत गेलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं भाषण १७८६ चं, म्हणजे चार वर्षांनंतरचं. र्‍यूडिगरच्या वाट्याला प्रसिद्धी आली नाही. १७८३ मध्ये रोमांवर पुस्तक काढणाऱ्या ग्रेलमानचाच बोलबाला झाला.

रोमानीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, गावाला ‘गाव’ आणि नावालाही ‘नाव’च म्हणतात. पण सारखे दिसणारे शब्द उसनेही असू शकतात. खरा पुरावा असतो ध्वनी ठरावीक नियमानं बदलण्याचा. जुन्या भ, ध, घ यांचे रोमानीत फ, थ, ख होतात: भगिनीची ‘फेन’, धूमाचा ‘थुव’, भूमीची ‘फुव’. घर्म म्हणजे ऊन, उष्णता. त्याचा तिकडे झाला ‘खाम’, म्हणजे सूर्य, आणि आपल्याकडे घाम!

मराठीनं हस्तचा हात केला, त्रीणिचं तीन केलं. रोमानीनं मात्र ‘वस्त’ आणि ‘त्रिन’मध्ये जोडाक्षरं जपली, जशी वायव्येकडच्या काही भाषांनी जपली आहेत. दाताला ‘दांद’, पाचाला ‘पांज’ हे तर थेट पंजाबीच्या वळणाचं. हे सगळं मांडून भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नरनं १९२६ मध्ये निष्कर्ष काढला: रोमानीचं मूळ हिंदीच्या बाजूच्या मध्यवर्ती गटातलं, पण पुढे तिचा मुक्काम वायव्येला पडला.

पुढची वाट उसन्या शब्दांतून दिसते. नशिबाला ‘बख्त’ हा फारसी, घोड्याला ‘ग्रास्त’ हा आर्मेनियन, रस्त्याला ‘द्रोम’ हा ग्रीक. सर्वांत बोलका पुरावा अंकांचा. एक ते सहा घरचे, दहाचा ‘देश’ही घरचाच, मधले सात, आठ, नऊ मात्र ‘एफ्ता, ओख्तो, एन्या’, चक्क ग्रीक. रोजच्या मोजणीतले आकडे सहजासहजी उसने घेतले जात नाहीत. ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्यातला मुक्काम लांबलेला असणार.

मराठी, कोकणी आणि गुजरातीनं टिकवलेलं नपुंसकलिंग रोमानीत नाही. ते गळून पडल्यावरच हे लोक भारताबाहेर गेले, असा तर्क यावरून केला जातो.

‘रोम’ हे त्यांचं स्वतःचं नाव ‘डोम’ या जातीच्या नावापासून आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपला डोंब तोच. रोमा म्हणजे देशोधडीला लागलेले राजपूत योद्धे, ही कथा अधिक आवडीनं सांगितली जाते. ‘डोम’ हे नाव काही तिच्या बाजूनं साक्ष देत नाही.